गळ्यातलं कार्ड

नेतृत्व प्रशिक्षणाच्या शिबिरात, दुपारच्या जेवणाच्या रांगेत मी एक गोष्ट पाहत होतो. हात मिळवताना प्रत्येकाची नजर आधी समोरच्याच्या गळ्यातल्या कार्डावर जायची, तिथला हुद्दा वाचायची आणि मग चेहऱ्याकडे वळायची. हुद्दा लहान असला तर ती चेहऱ्यापर्यंत पोचायचीच नाही. "ओळखी वाढवा, मोठे व्हाल," असं प्रशिक्षकांनी सकाळीच सांगितलं होतं. तेव्हापासून मला हसणाऱ्या प्रत्येक माणसाचा संशय येत होता, आणि आपणही तसेच होऊ अशी धास्ती वाटत होती.

चौकशी आमच्या गावातही होते. अनोळखी पोर दिसलं की पारावरून हाक येते, "कुणाचा रे तू?" पण उत्तर काहीही आलं तरी पुढे "चहा घेऊन जा" हे ठरलेलंच. घरातला पहिला पदवीधर मी. अशा कितीतरी परक्या घरांच्या चहा-भाकरीवर शिकलो.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. "ओळखलंस का?"

समोरच्याचं कार्ड फिरून त्याची कोरी बाजू वर आली होती. मी हसत हसत ते सरळ केलं, हुद्दा वाचला आणि मग वर पाहिलं. तो दत्ता होता. वसतिगृहात दोन वर्षं मी त्याच्या घरून येणाऱ्या डब्यातलं जेवलो होतो.

"झालं वाचून?" तो म्हणाला. "चल आता, जेवून घे."