न बघता मोजलेली लोकर

पाच वर्षं मी एका कंपनीसाठी एक पान लिहीत होते. दर वर्षी तेच पान, तोच मजकूर, बदलायचं ते फक्त साल. पानाचं नाव ‘हिशेबाची धोरणं’. कंपनी लोकरीची होती आणि लोकरीचं काहीही करत नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेअरचं वारं इतकं जोरात होतं, की बारामतीत चहाच्या टपरीवर शेअरचे अर्ज मिळायचे. त्या वाऱ्यात इंदापूर तालुक्यातल्या कळस गावाच्या बाजूच्या काही कुटुंबांनी कंपनी काढली. पूर्वी सगळी मेंढरं राखणारी. आता निम्मी शेतीत, काही साखर कारखान्यावर, काही नोकरीत. यंत्रावर घोंगड्या विणायच्या, असा बेत. रोख फारशी कुणाकडे नव्हती, म्हणून बहुतेकांनी शेअरच्या बदल्यात लोकर दिली. यंत्रं आली नाहीत. इंदापुरात एका खोलीवर पाटी राहिली, आत एक टेबल आणि एक रबरी शिक्का. कळसला पत्र्याचं गोदाम, त्यात लोकर.

मी बारामतीत एका सीएंच्या ऑफिसात कामाला होते. माझ्या त्या पानावर एक वाक्य होतं: ‘लोकरीचा साठा खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी त्या भावाने धरला आहे. साठ्याची प्रत्यक्ष मोजणी व्यवस्थापनाने केली आहे.’ हे वाक्य मला फार आवडायचं. व्हाउचरवर सही नसली तर समोरच्याला दारातूनच परत पाठवणारी बाई मी. पण ते गोदाम मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मग पुण्याची एक सूत विकणारी कंपनी आली. त्यांना शेअर बाजारात उतरायचं होतं आणि त्यासाठी नवे भागधारक गोळा करण्यापेक्षा आयते, बरेच भागधारक असलेली कंपनी हवी होती. आमची कंपनी त्यांच्यात विलीन करायची आणि आमच्या लोकांना त्यांचे शेअर द्यायचे. आमच्या किती शेअरना त्यांचा एक, हे दोन्हीकडच्या हिशेबांवरून ठरणार होतं. आमच्याकडे लोकर सोडून होतं काय? लोकर पूर्ण धरली तर दोनाला एक. लोकर नसेल तर दहाला एक. त्यांचा हिशेबनीस कळवून बसला, की महिन्याभरात साठा बघायला येतो.

त्याच्याआधी आपण बघून घ्यावं म्हणून मी एसटीनं कळसला गेले. कंपनीचे अध्यक्ष म्हणजे गावातले एक म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी दाराशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढली. ती तिथंच असते हे गावाला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

आत कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास होता. भिंतीला लागून प्रत्येक घराचं वेगळं गाठोडं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची दोरी. काही गाठोडी गच्च होती. बरीचशी बसलेली होती. काहींत नुसतं पोतं उरलं होतं. आणि दोऱ्यांना गाठी मारलेल्या होत्या.

“लोकर कुठं गेली, आबा?”

“ज्याची त्यानं नेली,” आबा शांतपणे म्हणाले. “चोरी न्हाय. कुनाच्या लेकीचं लगीन, कुनाला थंडीला घोंगडी. आपल्याच गाठोड्यातनं काढली. एक शेर नेली की दोरीला एक गाठ. दुसऱ्याच्या गाठोड्याला कुनी हात लावला न्हाय.”

“पण ही लोकर कंपनीची आहे.”

“शेअरचा कागद ज्याच्या घरात हाय, लोकर बी त्याचीच की. कंपनी म्हंजी आमीच, आसं तूच सांगितलं व्हतं.”

सांगितलं होतं. पहिल्या सभेत, मोठ्या ऐटीत. मी त्या म्हाताऱ्या माणसावर भडकले, वाटेल ते बोलले. परतताना बसमध्ये राग माझ्याकडे वळला आणि मला लाज वाटली. या लोकांनी नेलेल्या प्रत्येक शेराची गाठ मारून ठेवली होती. पाच वर्षं खोटं लिहिलं होतं ते मी.

ऑफिसात सीए सरांना सांगितलं. ते म्हणाले, “व्यवस्थापनानं मोजलं असं लिहिलंय. आपण मोजलं असं कुठं लिहिलंय?”

“त्यांनी मोजलेलं नाही, हे आता मला माहीत आहे. ते वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, सर.”

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “मग जे आहे ते लिही,” म्हणाले. “पण आधी त्यांना नीट समजावून सांग. तुझ्या भाषेत नको.”

पुढच्या रविवारी देवळासमोर सगळे जमले. मी पान बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “तुम्ही लोकर दिलीत, बदल्यात हिस्सा घेतलात. आता लोकर सगळ्यांची मिळून आहे. एकानं शेरभर नेली तर प्रत्येकाची थोडी थोडी नेली.” एवढं सरळ त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मग आबा उठले. “व्हय, मंग भरायची,” एवढंच म्हणाले.

पुण्याच्या माणसाला मी मेंढरांची कातरणी होईपर्यंत थांबवलं. तेवढ्यात लोकांनी गाठोडी भरली. ज्यांच्याकडे मेंढरं होती त्यांनी ताजी लोकर आणली. सोमेश्वरनगरला ऊस वाहतुकीवर असलेल्या एकानं ट्रॅक्टरवरून दोन पोती धाडली. पणदऱ्याला गाई पाळणाऱ्या एकानं बाजारातून विकत घेतली. भरली की एक एक गाठ सोडायची. तराजूपाशी मी स्वतः उभी होते. माझ्या बोटांना आठवडाभर लोकरीचा वास येत होता.

मोजणीच्या दिवशी पुण्याचा हिशेबनीस टाय लावून आला. सगळं वजन जुळत आलं आणि शेवटी एक मावशी आल्या. त्यांच्या दोरीला सात गाठी होत्या. त्यांच्याकडे मेंढरं नव्हती आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी खांद्यावरची काळी घोंगडी तराजूत ठेवली.

“ह्यातच हायती त्ये सात शेर,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्याच्या आजारपनात विनून घेतली व्हती. आता त्यो न्हाय.”

पुण्याचा माणूस हसला. मला त्याचा राग आला, पण नियम माझाच होता: खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, जे कमी ते. जुन्या घोंगडीला बाजारात कोण विचारतो? काहीतरी आकडा टाकावा असं फार वाटलं. पण मी शून्य लिहिलं.

“किती लिवलं?” मावशींनी विचारलं.

“शून्य, मावशी. सात शेर कमी, असं लिहिलंय. ते सगळ्यांत मिळून कमी होतील. तुमचे शेअर तेवढेच राहतात. घोंगडी घरी न्या.”

“बरं केलंस खरं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “तू न बघता लिवत व्हतीस तवा आमी लय श्रीमंत व्हतो.”

आबा खोकले. मी मान खाली घालून मोजणीच्या वहीत बेरीज करू लागले.

मावशींनी घोंगडीची घडी घातली, खांद्यावर टाकली, दोरी हातात घेतली. दारापर्यंत जाऊन थांबल्या आणि टायवाल्याकडे बोट करून मला म्हणाल्या, “आन ह्यांचं कोन मोजून आलं?”

मी खालची मान वर केली. दोनाला एक की दहाला एक, हे दोन्ही बाजूंनी ठरायचं होतं. त्यांचा जाडजूड अहवाल महिनाभर माझ्या टेबलावर होता. त्यातही धोरणांचं एक पान होतं आणि त्या पानावर माझंच वाक्य होतं, लोकरीच्या जागी सूत, बाकी शब्दाला शब्द. मी ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

हिशेबनिसानं मोजणीच्या वहीसाठी हात पुढे केला. मी वही काखेत धरली.

“तुमचं गोदाम कधी उघडताय?”

“आमचं ऑडिट झालेलं आहे, मॅडम.”

“आमचंही झालं होतं,” मी म्हणाले.