विहिणीची शिदोरी आणि मैनाचा निकाल

आमच्या घरात कुठलं अन्न सकस आणि कुठलं कारखान्याचं, हे एक शेळी ठरवते.

(हसू नका. आधी माझं म्हणणं ऐका!)

शिरड शहापुरात माझी पिठाची गिरणी आहे. अर्धं गाव मी दळलेलं पीठ खातं, त्यामुळे अन्नातलं मला चार लोकांपेक्षा जास्त कळतं, असं मी समजतो. मुलाचं लग्न झालं आणि घरात पाकिटं यायला लागली. त्यांच्यावरची ती बारीक अक्षरं चष्मा लावूनही दिसेनात. शेवटी मी माझा स्वतःचा नियम केला: आमची शेळी मैना खाईल ते अन्न, मैना टाकेल ते कारखान्याचं!

“अवो, परवा ती लग्नाची पत्रिका खाऊन बसली,” बायको म्हणाली. “तीबी अन्नच का?”

“कागद झाडापासूनच होतो,” मी म्हणालो. (वाद कसा जिंकावा, हे माझ्याकडून शिकावं!)

पहिल्याच दिवशी मैनाने पाकिटातल्या नूडल्स हुंगल्या, शिंकली आणि तोंड फिरवलं. ज्वारीची भाकरी मात्र दोन घासांत गट्टम! माझी छाती अशी फुगली की गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत सांगितली. लोक आपापले पुडे घेऊन तपासायला येऊ लागले. शेजारच्या कौसाबाईंनी गंमत म्हणून स्वतःच्या हातचं लोणचं पुढे केलं. मैनाने तेही टाकलं.

“माझं लोणचं कारखान्याचं? शेळीला इचारून सांगून राहिला व्हय?”

तेव्हापासून कौसाबाई दळण दुसरीकडे नेतात. पण मी नियम सोडला नाही.

मग मार्चमध्ये सूनबाईची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, कळमनुरीकडून पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या. लेकीसाठी शिदोरी घेऊन! सूनबाई सकाळपासून आत-बाहेर करत होती. आईची शिदोरी सासरच्या बायकांपुढे उघडणार, चार जणी नावाजणार, यासाठी तिचा जीव नुसता वर-खाली होत होता. डबा उघडला. बेसनाचे लाडू! बायका पुढे सरकल्या, आणि मी पहिला लाडू उचलून थेट मैनाकडे गेलो.

खरं सांगतो, माझा हेतू चांगला होता. मैना लाडू मटकावेल आणि विहीणबाईंच्या हाताला सगळ्यांदेखत पावती मिळेल, एवढंच माझ्या मनात होतं.

मैनाने लाडू हुंगला. शिंकली. तीही लाडवावरच! आणि तोंड फिरवलं.

“ह्ये काय करून राहिले हो इवाई?” विहीणबाईंनी विचारलं.

मी लाडू पाठीमागे लपवला. पण भिंतीपलीकडून कौसाबाईंनी मोठ्या आनंदाने खुलासा केला, “मैनानं टाकला म्हंजी माल कारखान्याचा, इहीणबाई! ह्यांच्या घरचा कायदाच हाय तसा!”

सूनबाईचे डोळे भरून आले. “आई, डबा झाक,” ती म्हणाली. “मीबी येते तुझ्यासंगं.”

नवी सून एका शेळीपायी माहेरी चालली! बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की त्या रात्री जेवण मिळणार नाही हे मी ओळखलं. काहीतरी करायलाच हवं होतं. मी डब्यातला लाडू उचलला आणि तोंडात घातला.

“शेळीला काय कळतं!” मी ओरडलो. “वा! ह्ये तर अस्सल घरचं!”

दुसरा खाल्ला. “डाळ घरच्या जात्यावर भरडलेली हाय!”

तिसरा. “तूपबी घरचंच! मी गिरणीवाला, मला इचारा! दुकानात असला लाडू जल्मात भेटायचा न्हाई!”

पाचव्या लाडवापर्यंत बायका माना डोलवू लागल्या. माझी छाती पुन्हा फुगली. एवढ्यात विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले. बाई गहिवरल्या, असं मला वाटलं. जवळ जाऊन पाहतो तर त्या हसत होत्या!

“इवाई, आता बास करा!” त्या कशाबशा बोलल्या. “घरी शेतातली हळद शिजवून राहिलो आमी. लाडू वळायला येळ कोनाला? येता येता कळमनुरीच्या स्टँडवरून घेतले. घरचा निस्ता डबा हाय!”

मग सूनबाई हसली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच इतकी खळखळून हसली! माझा जीव भांड्यात पडला. भिंतीपलीकडे कौसाबाईंचं काय झालं ते सांगत नाही. त्यांना ठसका लागला होता एवढं खरं.

तरीही माझा अभिमान शाबूत आहे. नियम माझा, शेळी माझी, आणि निकाल अगदी बरोबर! आता घरात कुठलंही पाकीट आलं की सूनबाई ते आधी मैनापुढे धरते.

मैनाने टाकलं, की मला देते.