लोक ऐकत का नाहीत, याचा सर्व्हे

आमच्या कामाचे अहवाल कुठल्या कपाटात गेले, ठाऊक नाही. किस्से मात्र कुणी मागितले नाहीत, म्हणून ते आमच्याकडेच साठत गेले. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागे दुसरा उभाच असतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. कर्जत-खालापूरच्या गावांत हिवताप, नारू आणि पटकी म्हणजे कॉलरा फार. औषध होतं, पण लोक घेत नव्हते. ते का घेत नाहीत आणि काय केलं तर घेतील, हे शोधायला तिघांचं पथक नेमलं होतं. पुण्याहून आलेले डॉ. सबनीस, कडावचा शिपाई गोपाळ आणि मी, नर्स.

*

पहिलं गाव गोपाळचंच, कडाव. हिवतापाच्या क्विनीनच्या गोळ्या घरोघर दिल्या. आठ दिवसांनी विचारलं तर प्रत्येक जण म्हणे, "घेतली की." ताप मात्र हटेना. मग डॉक्टरांनी ठरवलं, गोळी आपल्यासमोरच गिळायला लावायची.

पहिली पाळी सखूआजीची. तिनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि स्वस्थ बसली.

"आजी, नाव सांगा," डॉक्टर म्हणाले.

आजीनं नुसती मान हलवली. गोळी गालात होती, हे डॉक्टरांनी ओळखलं. तेही समोर ठाण मांडून बसले. क्विनीनसारखं कडू दुसरं काही नसेल. आजीचे डोळे पाण्यानं भरले, हनुवटी थरथरायला लागली, पण ओठ मिटलेले. शेवटी तिनं एकदाची गिळलीच.

"पयल्यांदाच गिळली आसती तर बरं झालं आसतं रं बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गोळीमागून गुळाचा खडा द्यायला लागलो. आणि आजी दारोदार सांगत फिरायची, "गालात नका ठेवू गं. म्या ठेवून बघितलीय."

*

डॉक्टरांचा प्रश्नांचा एक लांबलचक फॉर्म होता. त्यात एक प्रश्न होता, "मच्छरदाणी वापरता का?" फडक्यांची जोडून शिवलेलीही चालेल, असं आम्ही सांगायचो.

पार्वती नावाची बाई भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "डागदर, तुमी निजता का मच्छरदानीत?"

डॉक्टर खोटं बोलत नसत. म्हणाले, "नाही. आत गुदमरतं."

"मंग तुमचं बी नाव ल्हिवा."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. त्या गावाच्या यादीत, 'सांगूनही ऐकत नाहीत' या रकान्यात पहिलं नाव डॉ. सबनीस यांचं आहे. त्याच आठवड्यात त्यांनी कर्जतच्या बाजारातून मच्छरदाणी आणली.

*

एका गावात सगळे पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, आणि त्या पाण्यातून अंगात शिरणारा नारूचा जंत घरोघर. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, एवढंच आमचं सांगणं होतं. महिन्यानं गेलो, तर पहिल्याच घरात आम्हाला गाळलेलं पाणी मिळालं. डॉक्टर खूश झाले. मी घरच्या बाईला विचारलं, "तुम्हीही हेच पिता ना?"

"न्हाय बा," ती म्हणाली. "ह्ये सरकारी पानी. सरकारच्या मान्सांसाठी ठेवलंय."

डॉक्टरांचा चेहरा पडला.

त्याच गावात धोंडू राहायचा. ऐन भातलावणीत त्याच्या पायातून नारू बाहेर येत होता. शेजारीपाजारी चिखलात उभे राहून लावणी करत होते आणि हा ओट्यावर बसून बघत होता. मी पाय धुऊन पट्टी बांधत होते, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, दुखलं.

"दुखतंय त्याचं नाय वो," तो म्हणाला. "बायको एकटी लावतीय."

दुसऱ्या दिवसापासून धोंडू विहिरीच्या वरच्या पायरीवर पाय पसरून बसायला लागला. नारूचा पाय पाण्यात बुडाला की रोग पसरतो, म्हणून पाण्याजवळ जायचा नाही. बायका आल्या की म्हणायचा, "आदी माझा पाय बगा, मंग घागर भरा." फडक्याशिवाय एकही घागर तो जाऊ देईना. आम्ही महिनाभर बोलून जे झालं नव्हतं, ते त्यानं आठ दिवसांत केलं.

*

मग डासांवरच्या फवारणीचे पंप आले. फवारलेली भिंत काही महिने सारवायची नाही, असा नियम. आम्ही दसऱ्यानंतर गावभर फवारलं आणि दिवाळीनंतर गेलो, तर एकूण एक भिंत शेणानं लखलखीत सारवलेली. औषध सगळं खाली गाडलं गेलेलं.

"दिवाळीला काय डागाळलेल्या भिंती ठेवायच्या?" एका म्हातारीनं विचारलं. "सारवल्यावर मारा की तुमचं औशद."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "नर्सबाई, हे आपल्याला का सुचलं नाही?"

उत्तर म्हातारीनंच दिलं. "तुमी कदी भित सारवलीय?"

पुढच्या वर्षी फवारणी दिवाळीनंतर झाली.

*

एकदा खालापूरकडच्या एका गावात पटकी लागली. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीला आधी सुया टोचायला हव्या होत्या. लसीची पेटी घेऊन आम्ही चढून गेलो, तर वाडी रिकामी. चुली पेटलेल्या, माणूस नाही. एक म्हातारबाबा तेवढे अंगणात बसले होते.

"समदी रानात पळाली," ते म्हणाले.

"तुम्ही नाही गेलात?"

"पळवत नाय." त्यांनी दंड पुढे केला. "मला टोच. बाकीच्यांसाठी उद्या ये. पन पेटी आनू नको, ती बगूनच पळत्यात."

डॉक्टरांचा जीव वरखाली होत होता. खालच्या गावात त्या दिवशी दोन माणसं पटकीनं दगावली होती. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही पेटीशिवाय गेलो. चार पोरं झाडाआडून बघत होती. तिसऱ्या दिवशी बायका आल्या. मी एकीचं तान्हं मांडीवर घेतलं, डॉक्टरांनी नाचणीची भाकरी खाल्ली, सुईचा शब्द कुणी काढला नाही.

चौथ्या दिवशी चढून वर पोचलो, तर अख्खी वाडी अंगणात रांगेत उभी. दंड उघडे, पोरं कडेवर. पुढे म्हातारबाबा.

"पेटी कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोपाळकडे पाहिलं. गोपाळ वहाणा हातात घेऊन खालापूरच्या दिशेनं उतरायलाही लागला होता.

तो पेटी घेऊन परत आला, तेव्हा उन्हं कलली होती. रांग तशीच उभी होती.