काय जागा घेतलीय!

आमच्या खानदानात कानसेन एकच, तो म्हणजे मी. ही पदवी माझी मीच घेतली आणि आजवर कुणी परत मागितली नाही. कॉलेजपासून मी एकाच बँडला चिकटून आहे. त्यातल्या दोघांचे केस गेले, एक बँड सोडून गेला. मी जागचा हललो नाही.

परवा कन्या म्हणाली, "बाबा, त्या कॅसेटमध्ये ढोलवाला कुठे खोकतो तेही मला पाठ झालंय. जायच्या आधी एक तरी नवं गाणं ऐकवा."

महिनाअखेर ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली होती. लहानपणापासून आमची भांडणं गाण्यांवरून, समेटही गाण्यांवरच. तिच्या सामानात माझ्या पसंतीचं एक ताजं गाणं जायलाच हवं होतं.

मी साडूचं दुकान गाठलं. साडू जुन्या सोफ्यांना नवी कापडं चढवतो. माणूसही सोफ्यासारखाच, ऐसपैस, कुणीही येऊन टेकावं असा. त्याच्या फोनवर दिवसभर इंटरनेट रेडिओ चालतो. एका बँडचं नाव सांगितलं की रेडिओ त्याच जातकुळीतले दुसरे बँड शोधून लावतो. मी माझ्या बँडचं नाव सांगितलं आणि एका फाटक्या सोफ्यावर, टोचणाऱ्या स्प्रिंगसकट, डोळे मिटून बसलो.

दोन गाणी बेतास बात. तिसऱ्यात एका बाईचा घोगरा आवाज चढत गेला, आणि ऐन शिखरावर एकदम शांतता! श्वाससुद्धा नाही. मग आवाज पुन्हा अलगद उतरला. माझ्या अंगावर काटा आला.

"वा! काय जागा घेतलीय!"

साडूच्या तोंडात कापडावर ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, भरलेल्या. त्यांतूनच तो पुटपुटला, "जागा... चुकलीय."

"चुकलीय? अहो, असं थांबायला छाती लागते!"

"खिडकीत... पायजे."

बिचाऱ्याला उकडत असेल म्हणून मी उठून खिडकी उघडली. त्याने मान हलवली, ती मी दाद समजलो.

घरी आल्यावर गाण्यातल्या मौनावर मी अर्धा तास बोललो. बायको म्हणाली, "तुम्हाला शांतता आवडते? इतक्या वर्षांत कळू दिलं नाहीत!"

कन्येने ते गाणं शोधून लावलं. शिखर आलं. मी बोट वर केलं. बाई न थांबता सरळ पुढे निघून गेली. माझं बोट तेवढं वर राहिलं.

"बाबा, जागा कुठाय?"

मी साडूला फोन लावला. या खेपेला त्याचं तोंड रिकामं होतं, आणि दुर्दैवाने आमचा स्पीकर चालू होता.

"अहो साडूभाऊ, मी फोनच्या जागेचं म्हणत होतो! दुकानात आत रेंज जाते, गाणं अडकतं. फोन खिडकीत ठेवायला पाहिजे होता."

मायलेकी हसून हसून जमिनीवर बसल्या. चुका त्याच्या तोंडात आणि चूक माझ्या पदरात! कानसेनपद मी तिथल्या तिथे खाली ठेवलं. कन्या गेली तेव्हा गाण्याचा विषयही काढला नाही.

ती पोहोचली, आणि संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, खोलीत रेंजची बोंब आहे. आपलं गाणं लावलं, तर बरोब्बर तिथेच अडकलं! खरंच हो, काय जागा आहे!"

मी लगेच म्हणालो, "फोन खिडकीत नेऊ नकोस."