पिठावरचं पाऊल

दवनीवाड्याचे पोलीस पाटील छोटेलालभाऊ यांना जासूसी कादंबरीचं भारी वेड. गोंदियाला गेले की टेसनावरून एक तरी आणणार आणि अर्ध्यातच खुनी सांगून मोकळे होणार. "राग, भानगड, सारं मांगून," ते म्हणत. "पयले पाहा, मरनाऱ्याच्या मांगं पोट कोनाचं भरते. लोभी गवसला का पुस्तक संपलं."

शेजारचा टेकचंद चिडवायचा, "गावातला कोंबडीचोर तं तुमाले अजून नाई गवसला, पाटील."

"त्यात लोभ नाई गा. भूक होय."

मागच्या माघात त्यांची मोठी बहीण देवकाबाई वारली. विधवा बाई, वीस वर्षं भावाकडेच होती. तिची एकुलती लेक शामकला सालेकशाहून आली. जीव गेला त्या खोलीत तिसऱ्याच्या रात्री तांदळाचं पीठ पसरलं, दिवा लावला, दार ओढून घेतलं. सकाळी पिठावर पाहायचं, जीव कोणत्या जन्मी गेला. पाखराचा पाय, गाईचा खूर, नाहीतर सापाची रेघ.

सकाळी दार उघडलं, तर देवकाबाईच्या पेटीजवळ माणसाचं पाऊल. एकच.

"माय मानसात गेली वं," म्हणत शामकला तिथंच बसली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर उजेड आला. बाया पाया पडू लागल्या.

छोटेलालभाऊ वाकले ते वाकलेलेच राहिले. डावा पाय. करंगळीकडची कड खोल रुतलेली, टाच जेमतेम टेकलेली. त्यांचा लेक भुपेंद्र मुरडल्या पायाचा जन्मला होता. प्लास्टर निघाल्यावर दोन वर्षं, रोज सांजेला, त्यांनी तो पाय मांडीवर घेऊन मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल चोळलं होतं. आता भुपेंद्र चालताना कोणाला समजत नाही. पण बापाच्या हाताला तो तळवा पाठ होता. बाकीचं पीठ बोटांनी सारखं केलेलं, हेही त्यांना दिसलं.

पेटीत देवकाबाईची सोन्याच्या मण्यांची एकदाणी होती. ती शामकलाची, हे सारं घर जाणत होतं, आणि आज पेटी उघडायची होती. त्यांनी झाकण उचललं. लुगडी होती. एकदाणी नव्हती.

भुपेंद्र दाराशी उभा होता, भिंतीकडे पाहत. गप्प राहता आलं असतं. पण अठ्ठावीस वर्षं पाटलांनी दुसऱ्यांच्या लेकांची नावं ठाण्यात सांगितली होती.

"हे पाऊल देवकाबाईचं नोहोय," ते म्हणाले. "भुपेंद्रचं होय. एकदाणी त्यानं नेली."

भुपेंद्र बाहेर गेला, एकदाणी घेऊन आला, बापाच्या हातावर ठेवली. "थ्रेशर घ्याचा होता," एवढंच बोलला.

पाटलांनी ती भाचीपुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही.

"गेली असती तं गेली असती, मामा. मले सोन्याचं का करा लागते? माय मानसात आली होती. घडीभर तं आली होती. कायले बोलले तुमी?"

शामकलानं झाडणी घेतली, कोणाला हात लावू न देता सारं पीठ स्वतः झाडलं. दहाव्याच्या विधीलाही थांबली नाही. त्याच दुपारी पिशवी उचलून ऑटोकडे निघाली, तसे छोटेलालभाऊ चपला घालून मागं निघाले.

"नोका येऊ," ती म्हणाली.