खुनी कोण, ते ज्योत्स्ना आत्याला विचारा

माझी ज्योत्स्ना आत्या औशाला पंचायत समितीत नोकरीला हाय आणि तिला लई नाद हाय आशियातल्या पिक्चरचा. कोरिया, इराण, जपान! दर रविवारी समाजमंदिरात पडदा लावून गल्लीला दाखवती. नव्या माणसाला आधी कोरियाचा खून. तो अडकला की इराणचं लेकरू, एवढ्याशा कामापायी दिवसभर हिंडणारं, आन् आपलाच जीव वरखाली. जपानची म्हातारा-म्हातारी शेवटी. "काहीच घडत न्हाई म्हणू नको," आत्या म्हणती, "चहा कोण कुणाला देत न्हाई, ते बघ."

आता गल्लीतलाच आदिनाथ. पिक्चर दाखवायची मशीन उचलू लागायचा, ताई ताई करायचा, म्हणून आत्यानं त्याला ह्या पिक्चरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन केलं. तर एका सकाळी त्यानं तिलाच काढून टाकलं! तिच्याच ग्रुपमधून!! ग्रुपला स्वतःचं नाव दिलं, शिकवणीच्या क्लासचा हॉल घेतला, आणि पहिला पिक्चर ठरवला तो पण आत्याकडूनच नेलेला, कोरियाचा खुनाचा, गल्लीला अजून न दाखवलेला.

माझं डोकंच सटकलं. "आत्या, चल, भांडू!"

"भांडायचं कशाला? त्याच्या हॉलच्या दारात उभं राहू."

राहिलो. येईल त्याच्या कानात आत्या हसून सांगायची. व्यंकटकाकाला म्हणली, "खुनी डॉक्टर हाय." चतुराबाईला, "बायकोच हाय बघा." तिसऱ्याला शेजारी, चौथ्याला पोलीस.

अर्ध्या पिक्चरला हॉल पेटला.

"डॉक्टरच हाय, लिहून घ्या!"

"गप बसा हो काका, बायको हाय!"

"तुमच्या घरात बायकोच असंल!"

पडद्याकडं कुणी बघंना. आदिनाथ माइकवर वरडला, "शांत बसा!"

व्यंकटकाका उठले. "मग तूच सांग की, कोण हाय?"

त्याला कुठं माहीत? त्यानं पिक्चर बघितलाच नव्हता, त्याला नुसता माइक पाहिजे होता. चिडून त्यानं मशीनच बंद केली. लोक शिव्या देत घरी. मी तर रस्त्यावर नाचले!

पुढच्या रविवारी समाजमंदिर गच्च, बाहेर चपलांचा ढीग. आत्या तोच पिक्चर दाखवणार होती आणि सगळ्यांना खुनी पाहिजे होता. आदिनाथ पण आला, मान खाली घालून.

"ताई, येऊ का आत? मला बी शेवट माहीत न्हाई."

मी म्हणलं, "हाकल त्याला!"

"हाकलू कशाला? ये रे, हितं ये." आत्यानं त्याला जवळ घेतलं आणि कानात खरं नाव सांगितलं. खरं! फक्त त्याला.

मग पुढची खुर्ची दाखवून म्हणली, "बस आता. शेवट होईस्तोवर उठायचं न्हाई."