खोकल्यावर उठणारा हात

"खोक," मोठे डॉक्टर म्हणाले.

मी खोकलो. माझा उजवा हात कोपरात वाकून आपोआप वर आला. हॉलमध्ये हशा पिकला. मग टाळ्या.

"अजून एकदा. जोरात."

मी पुन्हा खोकलो. हात पुन्हा वर. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्याने मोबाइल काढला. मी कमरेपर्यंत उघडा होतो, एसीने अंगावर काटा आला होता. काढलेला शर्ट कुणी कुठे ठेवला, ठाऊक नव्हतं.

लहानपणी आमच्या माले गावात शाळेसमोर नंदीबैलवाला यायचा. तो विचारायचा, नंदी मान हलवायचा, आम्ही पोरं हसायचो. पण नंदीच्या पाठीवर झूल तरी असायची.

मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टमध्ये ही परिषद होती. हातापायांची हाडं, सांधे, स्नायू यांवर संशोधन करणारे सर्जन लांबलांबून आले होते. रिसॉर्ट उभं राहायच्या आधी तिथे माझ्या चुलत्यांची भातखाचरं होती. ह्याच हाताने मी तिथे भात कापलाय. तेव्हा टाळ्या पडल्याचं आठवत नाही.

हाताचं असं झालं. उरवड्याच्या कारखान्यात मी मशीनवर होतो. पाळी सुटल्यावर घरी येताना डंपरमधून सांडलेल्या खडीवरून मोटारसायकल घसरली. खांद्यावर पडलो. हाड मोडलं नाही, कातडी फारशी फाटली नाही, पण मानेतून हातात जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या. हात खांद्याला नुसता लटकला. पडवीत वाळत घातलेल्या सदऱ्याची बाही लटकते तसा.

मग एका मोठ्या इस्पितळात ह्याच मोठ्या डॉक्टरांनी बरगड्यांमधल्या, श्वासाच्या कामाच्या नसा घेऊन दंडाच्या स्नायूला जोडल्या. संशोधनातलं ऑपरेशन, म्हणून फुकट. वर्षभराने दंडात जीव आला, पण तो श्वासाच्या तालावर. मोठा श्वास घेतला, खोकलो, शिंकलो की कोपर वाकायचं. भावकीतल्या एका दहाव्याला मला शिंक आली आणि हात वर गेला. लोकांना वाटलं मला दोन शब्द बोलायचे आहेत. सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिले.

बोटं मात्र मेलेलीच. त्यांच्यासाठी दुसरं ऑपरेशन होतं. मांडीतला एक स्नायू काढून हातात बसवायचा, म्हणजे मूठ वळेल. मूठ वळली तर कारखाना परत घेणार. तोवर घरी. माझी बायको सुनंदा रिहे गावातल्या एका फार्महाऊसवर झाडलोट करते, त्यावर घर चालतं. ती सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावते आणि लावताना माझ्याकडे बघत नाही. हे सगळं त्या मुठीवर टांगलेलं होतं, आणि मूठ मोठ्या डॉक्टरांच्या मर्जीवर.

म्हणून परिषदेला या म्हटल्यावर आम्ही दोघं गेलो. आम्हाला स्वयंपाकघराच्या मागे, ड्रायव्हर लोकांत बसवलं. आत समई पेटवायला पाच जण एका मेणबत्तीला लोंबकळले होते. शाली झाल्या, नारळ झाले, एकमेकांच्या थोरवीची भाषणं झाली. मग मला बोलावलं. सुनंदा दारातच थांबली.

एक गोष्ट मी आधीच सांगितली होती. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझा व्यायाम त्याच घ्यायच्या. त्यांना मी दारातच म्हणालो, "मॅडम, आता खोकल्याशिवायपण वाकतोय हात. थोडा."

ते खरं होतं. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून मी श्वास एकीकडे आणि हात दुसरीकडे करायला शिकत होतो. श्वास सोडायचा आणि हात उचलायचा. घाम फुटायचा. हात वीतभर उठायचा आणि थरथरून पडायचा. पण तो माझ्या सांगण्यावरून उठायचा.

बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "सरांना खोकल्याचंच दाखवायचंय. ते लोकांना पटकन कळतं."

आता पडद्यावर माझा फोटो आला. डोळ्यांवर काळी पट्टी, ओळख पटू नये म्हणून. त्या फोटोखाली मी स्वतः उभा होतो. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते की हा साधा खेड्यातला माणूस आहे, फार सहकार्य करणारा. इंग्रजी मला कळतं. पौडच्या वाचनालयातली बरीच कपाटं मी संपवलीयत. पडद्यावर पुढची ओळ आली: रुग्ण पूर्ण समाधानी.

रात्री हा हात जळतो. उकळत्या तेलात धरल्यासारखा. बाईंना मी ते दर खेपेला सांगितलंय. मोठ्या डॉक्टरांनी मात्र एकदाच विचारलं होतं, "बरं आहे ना?" तेही दाराकडे चालता चालता.

"चल, शेवटचं. खोक," ते म्हणाले.

दारात सुनंदा हात जोडून उभी होती. मला की त्यांना, कळलं नाही.

मी श्वास धरला.

हात लटकत राहिला. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. "अरे, खोक ना." मी तसाच. मग डॉक्टर हसून लोकांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले की स्नायू दमलाय, ह्या नसांत हे अपेक्षितच असतं. लोकांनी माना डोलावल्या. काहींनी लिहून घेतलं.

माझा नकारसुद्धा त्यांनी स्नायूच्या खात्यावर टाकला. तेव्हा मला कळलं की न बोलून भागणार नाही.

श्वास सोडून मी म्हणालो, "दमलो न्हाई. मला खोकायचं न्हाई."

शहरी लोकांत मी असं बोलत नाही. पण तेच आलं.

कुणाला लाज वाटली, असं काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," आणि पुढचा फोटो लावला. कुणाचा तरी गुडघा होता. मी माझा शर्ट शोधत खुर्च्यांच्या मागे फिरलो. सापडला. एका हाताने घालता येईना. तसाच खांद्यावर टाकून बाहेर आलो. खोकल्याशिवाय उठणारा हात मी त्यांना दाखवला नाही.

आम्हाला सोडणाऱ्या गाडीपाशी डॉक्टरीणबाई आल्या. सर नाराज आहेत म्हणाल्या. दुसऱ्या ऑपरेशनचं आता काही सांगता येत नाही.

घरात शिरल्यावर सुनंदा म्हणाली, "अवो, आजून येकदा खोकला आसता तर काय झिजलं आसतं?"

मूठ माझी जाणार होती, पण झाडू तिच्या हातात राहणार होता. चोवीस तास मी तिच्या प्रश्नाकडे बघत बसलो. तिचं चुकीचं नाही. खोकलो असतो, तर मूठ मिळालीही असती. आणि पुढच्या परिषदेत ती मूठ उघड-मीट करून दाखवायला मला पुन्हा उघडा उभा केला असता.

सोमवारी मी इस्पितळात जाणार आहे. सुनंदा अजून बोलत नाही, बटणं मात्र लावते. मी रांगेत बसेन, नंबर आल्यावर आत जाईन आणि मोठ्या डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसेन. रुग्ण समाधानी नाही, हे पहिलं सांगेन. हात जळतो, ते लिहून घ्या म्हणेन. ऑपरेशन करणार असाल तर मांडी तयार आहे. करणार नसाल तर माझ्या तोंडाकडे बघून, मराठीत, नाही म्हणा.

ते नाही म्हणतील, हे जवळपास ठरलेलं आहे. मग दुसरं इस्पितळ, तिसरं. कुठेच नाही झालं, तर हा हात असाच राहील, मेलेल्या बोटांचा. त्याच्याबरोबर राहायला मी शिकलोय.

पण कुणाच्या सांगण्यावरून खोकणार नाही.